एरंडेलावरची बोट

लग्न होऊन मी इंदिरानगरला आले तेव्हा सासऱ्यांचं आणि माझं संभाषण ठरलेलं होतं. "सूनबाई, चहा झाला का?" "हो बाबा." संपलं. माणूस प्रेमळ, पण सगळा जन्म सरकारी कचेरीत गेलेला, त्यामुळे घरातही लेखी अर्ज आल्याशिवाय बोलायचं नाही असा खाक्या. मलासुद्धा अहो-जाहो करायचे.

नुकतेच निवृत्त झाले होते आणि गच्चीवर बसून लाकडाची बोट बनवत होते. हातभर लांब, लालभडक, रिमोटवर चालणारी. दीर परदेशातून सुट्टीवर आले ते तिच्यासाठी इंजिन घेऊनच. पेरूएवढं, पण खरंखुरं, इंधनावर चालणारं.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन खाकरले. "तुमचा मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे ना? जरा येता?"

इंजिनाबरोबरचं पत्रक मी वाचलं. नव्या इंजिनाला लगेच पळवायचं नसतं. आधी जास्त इंधन सोडून, संथ चालवायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा चालवायचं. तेव्हा कुठे आतले भाग एकमेकांना सरावतात. शिवाय ते थंड ठेवायला पाणी लागतं, म्हणून बोट पाण्यातच हवी.

मखमलाबादला बाबांच्या मित्राचा गुलाबांचा मळा होता, तिथे मोठा हौद होता. रविवारी सकाळी आम्ही स्कूटरवर निघालो. बोट धक्क्याने मोडू नये म्हणून मी ती ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी वाकून विचारलं, "कितवा महिना चालू आहे बाळाला?"

"आजच इंजिन बसवलंय," बाबा गंभीरपणे म्हणाले आणि सिग्नल सुटला. मी मागे बसून हसू दाबत होते, तर पुढे त्यांचे खांदे हलताना दिसले.

हौदाकाठच्या पेरूच्या झाडाला बोट दोरीने बांधली, म्हणजे ती जागच्या जागी चालेल. इंजिनाच्या चाकाला दोरा गुंडाळून हिसका द्यायचा, की ते सुरू होतं. बाबांनी हिसका दिला. दोराच तुटला. मित्राच्या बायकोने घरात जाऊन परकराची नाडी आणली.

"घ्या. नवी हाय. लय मजबूत."

बाबा कानापर्यंत लाल झाले. नाडीला हात न लावता म्हणाले, "तुम्हीच ओढा, सूनबाई."

मी ओढली. इंजिन फुर्र करून गप्प. पुन्हा फुर्र, पुन्हा गप्प. आत इंधन फार साचलं असावं म्हणून मी प्लग काढला आणि चाक फिरवलं. वाकून बघणाऱ्या बाबांच्या पांढऱ्या शर्टावर तेलकट पिचकारी बसली. त्या इंधनात एरंडेल असतं. बाबांनी शर्ट हुंगला आणि तोंडही अगदी एरंडेल प्यायल्यासारखं केलं. मला वाटलं, आता संपलं. पण ते ओरडले,

"अगं, बघतेस काय! प्लग लाव! ओढ!"

अगं! मी जीव खाऊन नाडी ओढली. इंजिन किंचाळलं. पेरूवरचे पोपट उडाले, कुत्रं गोठ्यात पळालं, निळसर धुराचा लोट हौदावर पसरला आणि बाबा चक्क टाळ्या पिटत नाचायला लागले.

"जोरात कर ना थोडी," ते म्हणाले.

"नाही बाबा. आज संथच."

"थोडीशी?"

"नाही म्हणजे नाही. भाजून निघेल ते."

सासऱ्यांना मी दटावलं होतं! त्यांनी मुकाट्याने हात मागे बांधले. टाकी संपली की आम्ही पेरू खात इंजिन गार व्हायची वाट बघायचो, आणि पुन्हा नाडी. दर टाकीला इंधन थोडं कमी करायचं. दुपारपर्यंत किंचाळणं सरळ, स्वच्छ सुरावर आलं. शेवटी मी म्हटलं, "सोडूया?"

बाबांनी दोरी सोडली आणि रिमोट माझ्याच हातात दिला. "तू चालव. मला नीट बघायचंय."

बोटीने नाक वर केलं आणि ती सुटली. वळणावर पाण्याचा फवारा असा उडाला की आम्ही दोघं नखशिखान्त भिजलो. बाबा काठाने बोटीबरोबर पळत होते. एक चप्पल हौदात पडली तरी थांबले नाहीत. मी इतकी हसले की मला काठावर बसावं लागलं.

संध्याकाळी सासूबाईंनी दार उघडलं आणि नाकाला पदर लावला. "कुणाला पाजलंत एवढं एरंडेल?"

"तिला विचार," बाबा म्हणाले, आणि एकाच चपलेत माझ्या आधी न्हाणीघराकडे पळाले.