ती हो म्हणेपर्यंत

लॉन्ड्रीवाल्याला आमच्या रस्त्यावर कोणी त्याच्या नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळे त्याला हिरो म्हणायचे. त्याची बायको तेवढी म्हणायची नाही. माझं झेरॉक्सचं दुकान त्याच्या दुकानाला लागून, मध्ये एक पातळ भिंत. त्याच्या इस्त्रीची वाफ सुटली की मला ऐकू यायची, आणि त्याचं गाणं तर दिवसभर.

हे नाव त्याला एका सिनेमामुळे पडलं होतं. जुना, गाण्यांनी ओतप्रोत भरलेला सिनेमा. आमच्या पिढीला तो तोंडपाठ आहे. रस्त्यावर गाणारा एक तरुण आणि हातमोज्यांच्या दुकानातली एक मुलगी. ती नाही म्हणते, तो गातो. ती पुन्हा नाही म्हणते, तो आणखी गोड गातो. कधी पोस्टमन होऊन तिच्या दारात येतो, कधी माळी होऊन खिडकीखाली. मध्यंतराच्या आधी ते मोठं गाणं आहे. ती कामावरून घरी निघालेली असते आणि अख्खी गल्ली त्याच्या बाजूने नाचायला लागते, पाववाला, शाळेतली पोरं, चौकातला पोलीससुद्धा. ती ज्या दारात शिरू पाहते ते दार बरोबर तालावर बंद होतं. ध्रुवपदात तो एवढंच म्हणतो की ती हो म्हणेपर्यंत मी इथेच आहे. शेवटी ती हो म्हणते.

हिरोने हे सगळं आपल्या तरुणपणी करून दाखवलं होतं. त्याची बायको तेव्हा एका बटणांच्या दुकानात कामाला होती. दुकान बंद व्हायच्या वेळी हा समोरच्या फुटपाथवर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हजर. अख्खा हिवाळा. मागे मागे गात तिला घरापर्यंत सोडायचा. बाकीच्या मुली काचेला नाक लावून खिदळायच्या. हिवाळा सरता सरता लग्न ठरलं. ही गोष्ट तो गिऱ्हाइकांना इतक्या वेळा सांगायचा की भिंतीपलीकडे मी पुढचं वाक्य आधीच पुटपुटायचो. बायको शेजारी बसून कपड्यांना नंबरांच्या चिठ्ठ्या लावत असायची. ती त्याला अडवायची नाही आणि हसायचीही नाही.

त्याच्या मनात सल होता तो एकच. मुलीला तो सिनेमा आवडत नव्हता. लहान असताना बापाच्या मांडीवर बसून तिने तो पाहिला होता, पण कॉलेजात गेल्यावर एकदा घरी लावला तेव्हा ती मध्येच उठली. "बाबा, त्या मुलीला कोणी काही विचारतच नाहीये," एवढंच म्हणाली आणि आत गेली. हे त्याच्या जिव्हारी लागलं. आताच्या पोरांना यातलं काही कळत नाही, असं तो मला म्हणाला, आणि मीही मान डोलावली.

मग तो तरुण आला.

तिशीच्या आतला, नीटनेटका, बोलायला मऊ. पांढऱ्या शर्टांचा गठ्ठा त्याने काउंटरवर ठेवला आणि पावती होईपर्यंत शीळ घालत उभा राहिला. शिळेत त्याच गाण्याची चाल. हिरोच्या हातातली इस्त्री कापडावर तशीच राहिली आणि शर्ट करपायचा थोडक्यात वाचला. तुझ्या वयाच्या पोराला हे कसं काय माहीत, असं त्याने विचारलं. आजीने दाखवला होता, काका, तेव्हापासून दुसरा सिनेमा पाहावासाच वाटत नाही, असं उत्तर आलं. त्या दिवसापासून हिरोला जणू मानलेला मुलगा मिळाला.

तो दर आठवड्याला यायचा. स्टुलावर बसायचा, सिनेमाबद्दल बोलायचा, हिरोच्या लग्नाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा. आणि बारकावे विचारायचा. काकू पहिल्यांदा काय म्हणाल्या? मग तुम्ही काय केलंत? रस्ता बदलला तर कसं कळायचं? हिरो रंगून सांगायचा. बोलता बोलता घरच्या गोष्टीही निघायच्या. मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, या आठवड्यात तिची सकाळची पाळी आहे, हल्ली बस सोडून नदीकाठच्या रस्त्याने चालत जाते, असं सगळं. बापाच्या कौतुकाला कुठे लगाम असतो?

एकदा हिरो मला सहज म्हणाला, "या पोराचे शर्ट मळलेलेच नसतात रे. कॉलर बघ, घामाचा डागसुद्धा नाही." पोरगा टापटिपीचा आहे म्हणून आम्ही दोघांनी त्याचं कौतुकच केलं.

त्याच दिवसांत त्याच्या मुलीची झोप उडाली होती. बसथांब्यावर पांढऱ्या शर्टातला एक माणूस तिला रोज दिसायचा. एकदा त्याने पुढे येऊन तिला कॉफीला बोलावलं, तिने स्पष्ट नाही म्हटलं. तो हसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. तिने बस सोडून नदीकाठचा रस्ता धरला, तर दोन दिवसांनी तो पुलाच्या कठड्याला टेकून उभा. तिने पाळी बदलून घेतली, तर तो नव्या वेळेला हजर. लॅबमधलंच कोणीतरी याला सांगतंय अशी तिची खात्री झाली. बरोबरच्या मुलींशी तिने बोलणं तोडलं, एकटी डबा खाऊ लागली. घरात काही सांगितलं नाही. बाबा हे ऐकून गाणं म्हणायला लागतील, असं तिला वाटलं, हे तिने नंतर सांगितलं.

शरद ऋतूत जुन्या थिएटरात त्या सिनेमाचा खास खेळ ठरला. खराब झालेली प्रिंट कोणीतरी साफसूफ करून घेतली होती, आणि नंतर चर्चा होती, हा सिनेमा आजही टिकतो का? आयोजक तरुण मुलगी आमच्याच रस्त्यावरची. चर्चेत दोन शब्द बोलायला तिने हिरोला बोलावलं. त्याने नवा शर्ट शिवून घेतला. बायकोला आणि मुलीला आग्रह करकरून नेलं. मीही होतो, त्यांच्याच रांगेत.

खरं सांगायचं तर सुरुवातीला सगळे हरखून गेले. पडद्यावरचे रंग धुऊन काढल्यासारखे लख्ख दिसत होते. पहिल्या नाचाला टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची कॉलेजातली पोरं पायाने ताल धरत होती. पण ते मोठं गाणं सुरू झालं, मुलगी पळायला लागली, पहिलं दार बंद झालं, आणि थिएटरात कोणीतरी दबक्या आवाजात "अरे बापरे" म्हटलं. दुसऱ्या दाराला काही जण हसले. तिसऱ्याला कोणीच हसलं नाही. ते गाणं मी जन्मभर ऐकत आलोय, पण त्या मुलीचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ती नटी फार चांगलं काम करत होती. ती घाबरलेली होती.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी हळू आवाजात गायला लागलं. शब्द न शब्द बरोबर. हिरोची मुलगी ताठ झाली. तिने मागे वळून पाहिलं नाही, आईचा हात मात्र घट्ट धरला.

मध्यंतराचे दिवे लागले तसा हिरो वळला आणि त्याचं तोंड खुललं. त्याने त्या तरुणाला हाताने पुढे बोलावलं. अगं, हाच तो, मी सांगत असतो तो, असं बायकोला म्हणाला आणि मग मुलीला, "बघ, तुझ्याच वयाचा आहे, आणि याला सगळं कळतं."

तरुणाने मान झुकवली. "आम्ही ओळखतो एकमेकांना," तो म्हणाला.

मुलगी बापाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा काहीतरी उलगडल्याची कळा होती. गेले कित्येक महिने ती लॅबमध्ये बातम्या पुरवणारा जो माणूस शोधत होती, तो तिच्या घरातच रोज तिच्यासमोर बसून जेवत होता. ती उठली, तिच्या मागे आई उठली, आणि दोघी बाहेर पडल्या. हिरो चर्चेला थांबला नाही.

घरी काय झालं ते त्याने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. इस्त्री बंद होती आणि तो स्टुलावर बसला होता. मुलीने सगळं सांगितलं. मी कधी निघते, कुठून जाते, हे तुम्ही त्याला सांगत होतात का, एवढंच तिने विचारलं. त्याने हो म्हटलं. मग स्वतःला सावरायला म्हणून तो बायकोकडे वळून म्हणाला की पोरगा येडा असेल, पण मन वाईट नसेल, मी नव्हतो का तसा उभा राहत. 

"मला तेव्हा भीती वाटायची," बायको म्हणाली. "मी दुकानाच्या मागच्या दाराने निघायचे, तर तुम्ही तिथे. घरी सांगितलं, तर वडील म्हणाले, रस्ताभर बोभाटा झालाय, आता त्याच्याशीच लग्न करून टाक. तुम्ही चांगले निघालात. पण हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?"

इतक्या वर्षांत बोलली का नाही, असं त्याने तिला विचारलं होतं. तुम्ही गोष्ट सांगत असायचात, मध्ये कुठे बोलणार, असं ती म्हणाली. एवढं सांगून हिरो माझ्याकडे पाहत राहिला. 

आठवड्याच्या ठरल्या दिवशी तरुण शर्ट न्यायला आला. हिरोने बायकोला आधीच घरी पाठवलं होतं. मी माझं मशीन बंद करून त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"माझ्या मुलीच्या मागे फिरायचं नाही," हिरो म्हणाला.

तरुण चिडला नाही. "काका, मी तिला कधी बोट तरी लावलंय का? मी नुसता उभा असतो."

"ती नाही म्हणाली आहे."

"काकूही म्हणाल्या होत्या की. तुम्हीच सांगितलंत. तेव्हा तुम्ही निघून गेला असतात, तर आज हा संसार असता का?"

हिरोने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मी चुकलो होतो," तो म्हणाला. हे तो किती सावकाश म्हणाला ते मला आठवतं.

तरुण लहान मुलाची समजूत घालावी तसा हसला. "असं म्हणू नका, काका. तुमच्यामुळेच तर मला धीर आला." शर्ट तसेच सोडून तो गेला.

पुढे काही दिवस तो कुठेच दिसला नाही, आणि ते जास्त वाईट होतं. मुलगी खिडक्यांचे पडदे उघडेना. मग एका दुपारी एक थकलेली बाई त्याची पावती घेऊन दुकानात आली. त्याची आई. तो घरी आलेला नाही, तुम्हाला दिसला का, असं तिने विचारलं. हिरोने तिला बसवलं, पाणी दिलं, शर्टांचा गठ्ठा हातात दिला. बोलता बोलता ती म्हणाली की आधीच्या शहरातही अशीच एक मुलगी होती, फार गोड होती.

"मग तिचं काय झालं?" हिरोने विचारलं.

"जिन्यावरून पडली. अपघातच होता, सगळ्यांनी तेच सांगितलं. आता तिला चालता येत नाही." बाईने शर्टांचा गठ्ठा छातीशी धरला. "तो तेव्हा तिथे होता, पण खालच्या पायरीवर होता."

त्याच संध्याकाळी हिरो, त्याची बायको आणि मुलगी पोलिसांकडे गेली. मी सोबत होतो. टेबलामागचा माणूस वाईट नव्हता, पण सगळं ऐकून म्हणाला की प्रेमात पडलेला दिसतोय बिचारा, आम्ही समज देऊ. हिरो काही बोलायच्या आत त्याची बायको पुढे सरकली.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "ती नाही म्हणाली, हे पहिलं लिहा."

त्याने लिहून घेतलं. मग हिरोने आपण त्याला काय काय सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, पाळ्या, बसचा रस्ता, नदीकाठ, मुलगी कुठल्या गेटने बाहेर पडते ते. सांगताना त्याने एकदाही मुलीकडे पाहिलं नाही.

पंधरवड्याने तो सापडला. लॅबमध्ये रक्ताचे नमुने पोचवणाऱ्या माणसाच्या टोपीत आणि गणवेशात तो आला होता. नोकरी खरीच धरली होती त्याने. मुलीने नमुन्यांचा डबा घ्यायला खिडकी उघडली तर पलीकडे तो, अगदी शांत. मात्र पोलिसांनी दिलेला फोटो रखवालदाराकडे होता आणि त्याला ओळखून रखवालदाराने मागून दार लावून घेतलं आणि पोलिसांना बोलावलं. कोर्टाने त्याला तिच्या जवळपास फिरकायला बंदी घातली. मग आई त्याला घेऊन कुठेतरी निघून गेली. कुठे, ते कोणालाच ठाऊक नाही. मुलीने लांबच्या शहरात बदली मागून घेतली. जाताना ती बापाच्या गळ्यात पडली, पण नव्या घराचा पत्ता तिने आईला दिला, आणि तो हिरोला सांगायचा नाही असं दोघींचं ठरलं. हिरोनेही विचारला नाही.

थिएटरवाली मुलगी पुढे एकदा दुकानात आली होती. त्या दिवशी तुमचं बोलणं राहूनच गेलं, तुमच्या मते तो सिनेमा आजही टिकतो का, असं तिने विचारलं. हिरो ओला शर्ट पसरत होता.

"चाल अजून तशीच सुंदर आहे," तो म्हणाला. "तीच तर पंचाईत आहे." आणि त्याने इस्त्री उचलली.

हल्ली भिंतीपलीकडून गाणं येत नाही. संध्याकाळी मुलीचा फोन येतो. ती "पोचले" म्हणते, तो "बरं" म्हणतो, आणि मग फोन आईकडे जातो. परवा फोन उशिरा आला. तोवर हिरो तीनदा माझ्या दुकानात येऊन उभा राहून गेला. फोन वाजला तेव्हा तो माझ्याकडेच होता. तिने सांगितलं की बसमध्ये मागच्या सीटवर कोणीतरी ती चाल गुणगुणत होतं. वळून पाहिलं तर एक म्हातारे गृहस्थ, मांडीवर भाजीची पिशवी. तरीही ती एक थांबा आधी उतरली आणि लांबच्या रस्त्याने चालत घरी गेली.

"कुठला रस्ता?" हिरोच्या तोंडून निघून गेलं.

 पलीकडून ती म्हणाली, "बाबा, आईला द्या."