मुलगा बोलतो

रोह्याच्या केमिकल कंपनीत मी कंत्राटावर लागलो तेव्हा माझा मित्र तिथे आधीपासून पॅकिंगला होता. मी पेणहून एसटीने यायचो, तो रोह्यातच राहायचा. त्यांच्या मोहल्ल्यात प्रत्येक घरातला एक तरी पुरुष आखातात होता आणि त्याच्या घरातला त्याचा मोठा भाऊ. हा भाऊ सुट्टीवर येताना अत्तर, ब्लँकेट, टॉर्च असं काहीबाही आणायचा. त्या वर्षी त्याने एक कॅसेट आणली. कुणा पाकिस्तानी दोस्ताने त्याला ती कव्वाली म्हणून दिली होती. घरी लावल्यावर ती कव्वाली नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं आणि कॅसेट माझ्या मित्राकडे आली.

आम्ही ती जेवणाच्या सुट्टीत गोडाऊनमागे लावली. एक माणूस इंग्रजीत श्वास न घेता कुणालातरी झापत होता आणि मागे कुणीतरी ढोल बडवत होतं. पेटी नाही, बासरी नाही, ध्रुवपद म्हणावं तर तेही ओरडूनच.

"हा गात नाय रे," मित्र म्हणाला. "भांडतोय."

मला गळा नव्हता. शाळेत प्रार्थनेलासुद्धा मला नुसते ओठ हलवायला सांगत. गळ्याशिवायही गाता येतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझ्या आयुष्याचं नुकसान तिथून सुरू झालं असं माझे वडील पुढे बरीच वर्षं म्हणत राहिले. वडील धरमतरला बार्जवर माल चढवायला जात. त्यांच्या मते माणसाने एक तर काम करावं नाही तर गप्प बसावं, आणि काम करतानाही गप्पच बसावं.

अडचण एकच होती. असल्या गाण्याला रॅप म्हणतात आणि रॅप म्हणजे इंग्रजी अशी आमची समजूत होती आणि इंग्रजी आम्हाला येत नव्हतं. पण समोर निळे ड्रम होते आणि प्रत्येक ड्रमवर इंग्रजी छापलेलं होतं. मी ते सगळं पाठ केलं. डेंजर, कीप अवे, धिस साइड अप, नो स्मोकिंग, नो नेकेड फ्लेम. मित्र रिकाम्या ड्रमावर ठेका धरायचा आणि मी समोरच्या ड्रमावर बघून भांडायचो. 'नेकेड' हा शब्द त्याला जरा चावट वाटायचा, म्हणून तो मी जास्त जोरात म्हणावा असा त्याचा आग्रह होता.

कंपनीत सेफ्टी वीक असायचा. भाषणं, पोस्टर, शेवटच्या दिवशी करमणुकीचा कार्यक्रम. आम्ही नाव दिलं. मी डोक्याला रुमाल बांधला, टोपी उलटी घातली आणि साहेब लोकांच्या डोळ्याला डोळा भिडवून ती सगळी लेबलं त्यांच्या अंगावर फेकली. आपण बंड करतोय अशी माझी पक्की खात्री होती. संपल्यावर मोठे साहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले की सुरक्षेचा संदेश इतक्या तळमळीने आजवर कुणी दिला नव्हता. मला पहिलं बक्षीस म्हणून पिवळं हेल्मेट मिळालं. मित्राला हातमोजे.

हे मला फार लागलं. जे आपल्याला कळत नाही ते आपण बोललो म्हणून टाळ्या पडल्या, असं मी एसटीत बसून स्वतःला ऐकवत आलो. मग पुढचं वर्षभर मी मराठीत लिहीत राहिलो, तेही पुस्तकातल्या मराठीत नाही, आमच्या खाडीकाठच्या बोलीत. पुढच्या सेफ्टी वीकला साहेबांनी स्वतःहून माझं नाव घातलं. मित्राने ड्रमावर ठेका धरला, मी माइक घेतला आणि सुरू केलं:

डालीत डाल नाय, मास्काला नाडी नाय,
ओव्हरटायमाला हो म्हनतो, घरी जायला गाडी नाय,
साहेब इचारतो, हाय का कंप्लेंट?
मी म्हनतो, साहेब, काडी नाय.

पहिल्या ओळीला साहेब हसले, कारण त्यांना वाटलं हे दुसऱ्या कुठल्या कंपनीबद्दल आहे. तिसऱ्या ओळीला ते हसायचे थांबले. मागे बसलेल्या कामगारांनी मात्र पत्र्याच्या खुर्च्या वाजवायला सुरुवात केली आणि कॅन्टीनवाला उठून बाहेर गेला. पुढच्या आठवड्यात मला ब्रेक दिला. कंत्राटी कामगाराला काढून टाकतात त्याला कंपनीच्या भाषेत ब्रेक म्हणतात. कलाकाराच्या आयुष्यात ब्रेक मिळणं फार महत्त्वाचं असतं असं मी पुढे कुठेतरी वाचलं. मला तो असा मिळाला.

मित्राची नोकरी राहिली, कारण त्याने तोंड उघडलं नव्हतं, नुसता ड्रम वाजवला होता. त्याच्या सुट्टीच्या दिवशी मी रोह्याला जायचो. त्याच्या घरी सराव शक्य नव्हता, त्याची दादी आजारी असायची आणि आमच्या आवाजाने बरीही होत नव्हती. मग आम्हाला एका अर्धवट इमारतीखालची पाण्याची टाकी सापडली. कोरडी, जमिनीखाली, लोखंडी शिडीने आत उतरायचं. आत आवाज असा घुमायचा की मी एकटा बोललो तरी माझ्या बाजूने दहा जण भांडायला आलेत असं वाटायचं. वॉचमन चहाच्या बदल्यात आम्हाला आत उतरू द्यायचा.

एका दुपारी बिल्डरने टाकी गळते का बघायला टँकर मागवला. हे वॉचमनला माहीत होतं पण आमच्याशी त्याचा संबंध आहे हे त्याच्या डोक्यात आलं नाही. वरून जाड पाइप आत आला आणि पाणी कोसळायला लागलं. आम्ही जिवाच्या आकांताने ओरडलो. पण आम्ही गेले कित्येक आठवडे तिथे तसेच ओरडत होतो, त्यामुळे वर कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. शिडी पाइपाखाली आली होती. शेवटी मित्राने पाइपलाच धरून चढायचा प्रयत्न केला तेव्हा टँकरवाल्याला वाटलं आत मगर आहे. त्याने पाणी बंद केलं आणि लांब पळाला. आम्ही चिंब होऊन बाहेर आलो. वॉचमन म्हणाला, "आज सुरात होतात." पुढे एका पत्रकाराने आम्हाला अंडरग्राउंड कलावंत म्हटलं तेव्हा मित्राला वाटलं त्याला टाकीचं कळलं.

घरी बसून भागणार नव्हतं. पेणला एक साउंड सर्व्हिसवाले काका होते, त्यांची भोंगा लावलेली रिक्षा गावभर फिरायची. साड्यांचा सेल, सर्कस, पाणी येणार नाही, असं सगळं सांगायचं काम मला मिळालं. मला तर हे सोन्याहून पिवळं. पहिल्याच आठवड्यात पाणी बंदची बातमी मी रॅपमध्ये केली. पोरं रिक्षामागे नाचली, बायका खिडकीत येऊन हसल्या. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी नाही म्हणून त्याच बायका कळश्या घेऊन काकांच्या दुकानावर आल्या. आम्हाला कुणी सांगितलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं होतं हे त्यांना पटेना. गाणं होतं ते, बातमी कुठे होती, असं एक जण म्हणाली.

काकांनी मला हाकललं नाही. ते म्हणाले की माणूस भाकरी थापता थापता ऐकतो आणि रिक्षा तोवर पुढे जाते, म्हणून एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत एक गोष्ट, तीही त्याला कळेल अशी. मी तोवर एका दमात शंभर गोष्टी सांगत होतो. काकांकडे मी श्वास घ्यायला शिकलो. हे सांगायला सोपं वाटतं, पण त्याआधी माझी निम्मी वाक्यं शेवटच्या शब्दाला मरायची.

याच सुमारास माझ्या लग्नाचं निघालं. माझी आई हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची. तिच्याकडे उंदीर असत, शेकडो उंदीर, सगळे तिनेच रंगवलेले. तिथल्याच एका बाईच्या भाचीचं स्थळ आलं. मुलीचे मामा घरी आले आणि त्यांनी विचारलं, मुलगा काय करतो?

आई चहा ओतत होती. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. "बोलतो," ती म्हणाली.

मामांना वाटलं मी वकील आहे. आईने नाही म्हटलं. मग कीर्तनकार का, असं त्यांनी विचारलं. वडिलांनी भिंतीकडे तोंड केलं. रॅप समजावून सांगायला म्हणून मी दोन ओळी म्हणून दाखवल्या, आणि मामांनी पायातून काढलेली चप्पल उठायच्या आधीच पायाने चाचपायला घेतली. स्थळ गेलं.

त्या संध्याकाळी मी आईशेजारी जाऊन बसलो. मला वाटलं रडेल. तिच्या नखांत करडा रंग होता, तो ती रॉकेलच्या बोळ्याने काढत बसली होती. मग तिने विचारलं, "तू बोलतंस तां कोनाला बोलतंस रं?"

मी म्हणालो, "सगल्यांना, आये."

"सगल्यांना कोन बोलतं? भोंगा बोलतो."

मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही, म्हणजे घरात तेवढीच शांतता झाली. पण तो प्रश्न काही जाईना. मी वहीत लिहिलेलं सगळं वाचून काढलं. साहेबावर होतं, सरकारवर होतं, एक तर न पाहिलेल्या अमेरिकेवर होतं. एकही ओळ कुणाला हाक मारून म्हटलेली नव्हती.

तेवढ्यात मित्राचा व्हिसा आला. त्याला सोडायला मोहल्ला लोटला होता. त्याची आई, जिला मी चाची म्हणायचो, डब्यात सुकं मटण भरत होती आणि तो मला बाजूला घेऊन म्हणाला की तिकडे ड्रम मिळतील, काळजी करू नको. मी म्हणालो मी काळजी करत नाही. मग आम्ही दोघं उगीचच बॅगेच्या चेनबद्दल बोलत राहिलो.

काही महिन्यांनी कुणा परतलेल्या माणसाच्या हाती कॅसेट आली. तिच्यावर शब्द एकही नव्हता. नुसता ठेका. त्यांच्या कामगार-कॅम्पातल्या लोखंडी कपाटावर बोटांनी वाजवलेला, मध्येच कुणाचं तरी खोकणं, एकदा कुणीतरी मल्याळीत शिवी घातलेली. दोन्ही बाजू भरून. जागा त्याने माझ्यासाठी सोडली होती.

मी काकांच्या दुकानातून दुसरा टेपरेकॉर्डर आणला. एकावर त्याचा ठेका लावला आणि दुसऱ्यावर बोलायला लागलो. कुणाला बोलतोय हे आता विचारावं लागलं नाही. मी त्याला रोह्याची हकीकत सांगितली. टाकीत आता खरंच पाणी आहे, कंपनीत डाळ अजून तशीच आहे. शुक्रवारी एसटीडी बूथमध्ये मी चाचीला फोनवर ओरडताना ऐकलं होतं, तेही आलं:

तुझी आई जुम्म्याला बूथवर येते,
निम्मी वेल 'आयकू येतंय का' म्हनन्यात जाते,
जेवलास का इचारते, तेवढ्यात लाइन जाते,
घरी सांगते, पोरगा दोन टायम जेवतो, मंग सोता खाते.

कॅसेट त्याच्याकडे गेली. त्याने खोलीत लावली. खोलीतल्यांनी कॉपी केल्या, कारण बूथवर आई त्यांचीही येत होती. म्हसळ्याचा, महाडचा, श्रीवर्धनचा माणूस सुट्टीवर येताना ती घेऊन आला आणि मग ती ट्रक-टेम्पोवाल्यांच्या हाती लागली. मला यातलं काही माहीत नव्हतं. एकदा काकांबरोबर कोलाडला एका कार्यक्रमाचे स्पीकर पोचवायला गेलो होतो, तिथे हायवेच्या धाब्यावर मिसळ खाताना मला माझाच आवाज ऐकू आला. हातातला पाव तसाच राहिला.

मी मालकाला विचारलं हा कोण. तो म्हणाला, दुबईत असतो, मोठा माणूस आहे. मी म्हणालो हा मी आहे. त्याने माझ्या चपलांकडे बघितलं आणि म्हणून दाखव म्हणाला. मी घशातला तिखटजाळ गिळून म्हणून दाखवलं. त्याने मान हलवली.

"चांगलं करतोस," तो म्हणाला. "पन त्याची सर नाय."

परतीच्या वाटेवर काका पेणपर्यंत हसत होते. मला हसू येत नव्हतं, कारण मला चाचीची आठवण झाली होती. कॅसेट कोलाडला पोचली म्हणजे रोह्याला पोचलीच असणार. एका विधवा बाईचा फोन मी चव्हाट्यावर आणला होता, तोही ठेक्यात. दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून मी तिच्या घरी गेलो. तिने मला बसवलं, सरबत दिलं.

"मी येवढ्यांदा वरडते काय रे बाला?" तिने विचारलं.

मी खाली बघून व्हय म्हणालो.

तिने सरबताचा पेला माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली की मुलाने फोनवर सांगितलं, गाणं ऐकून खोलीतले सगळे रडले आणि मग सगळे जेवले. तिला त्यातलं जेवले तेवढं पुरेसं होतं. मग ती आत गेली, पदराला हात पुसत परत आली आणि तिने मला सांगितलं की त्याच्या बहिणीला मुलगा झाला आहे, बाळाचं नाक त्याच्यासारखं आहे, आणि विहिरीची मोटर दुरुस्त झाली. हे त्याला कळव. फोनवर अर्धं जातं, तुझ्या त्या बोलण्यात सगळं पोचतं.

मी मोटर कशी बसवायची या विचारात एसटी स्टँडवर आलो. दोन एसट्या गेल्या तरी 'मोटर'ला जुळेल असं काही सुचेना. पुढच्या जुम्म्याला बूथबाहेर चाचीने मला तिच्या ओळखीच्या बायकांपुढे उभं केलं. एकीला सांगायचं होतं की सासू पडली पण हाड मोडलं नाही. दुसरीला नवऱ्याला खडसवायचं होतं, पण त्याच्या आईला कळता कामा नये. मी एकेकीला नीट विचारून घेतलं, कुणाला सांगायचंय, तो काय म्हणून हाक मारतो तुम्हाला. बाकीच्या रांगेत थांबल्या होत्या, आणि आत बूथमध्ये कुणीतरी मोठ्याने विचारत होतं, आयकू येतंय का.