खंडेनवमीचे हातमोजे

नाशकात फुटबॉल खेळतो म्हणून सांगितलं की लोक आधी "कुठे?" असं विचारतात आणि मग "का?" असं. गोलकीपर आहे म्हटलं की तेही विचारत नाहीत. घरात कुणी आजारी असल्यासारखी नुसती मान हलवतात.

मी गोलकीपर झालो यात पराक्रम काही नाही. कॉलेजात पहिल्याच दिवशी मैदानावर उशिरा पोचलो आणि तेवढीच जागा उरली होती. शिवाय मी उंच, आणि पळायचा मला पहिल्यापासून कंटाळा. पुढे संघ बदलले, मैदानं बदलली, पोट सुटलं, पण मी दोन खांबांच्या मधून हललो नाही. पोटापाण्यासाठी विंचूरला एका वायनरीत बाटल्या भरायच्या लाइनवर सुपरवायझर आहे. नातेवाइकांना वाटतं मी दिवसभर पितो. या वयात चड्डी घालून चिखलात लोळतो हे कळल्यावर तर त्यांची खात्रीच पटली.

बाकीच्यांचं सोडा, मला पर्वा होती ती एका माणसाची. नाना, म्हणजे माझे वडील, ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. केसाएवढा फरक बोटाने ओळखायचे. त्यांच्या लेखी काम म्हणजे डबा घेऊन जायचं, हत्यार चालवायचं आणि हात काळे करून घरी यायचं. माझ्या गोलकीपिंगला ते 'रिकामा उद्योग' म्हणायचे. एकदाही मॅच बघायला आले नाहीत. मला ढाली-चषक नको होते. नानांनी एकदा, फक्त एकदा, माझा खेळ कामात धरावा एवढंच मला हवं होतं, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने असलं काही बोललेलं बरं दिसत नाही.

एकदा जेवताना मोबाइलवर मला एक पान सापडलं. मी लगेच फोन नानांपुढे धरला.

"नाना, हे बघा. रुमेनियाचा गोलकीपर. दोन महायुद्धांच्या मधे खेळायचा. इतकी वर्षं झाली तरी लोकांनी त्याच्यावर लिहून ठेवलंय."

"कोन्चा देश म्हनला?"

"रुमेनिया. युरोपात आहे."

"आन् काम काय करायचा?"

"गोलकीपर होता, नाना."

"ते कळलं. काम काय करायचा?"

त्या पानावर ते कुठेच नव्हतं. तो कोणत्या साली कोणत्या संघाकडे होता, किती सामने खेळला, सगळं होतं. नानांनी कोर्टात केस जिंकल्यासारखी दुसरी भाकरी मोडली.

गेल्या वर्षी आमचा संघ चुकून फायनलला पोचला. समोर मालेगावचा संघ. सेमीफायनलला माझ्या दोन पायांमधून एक गोल गेला होता, त्यामुळे आमचा कॅप्टन मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, फायनलला नीट उभे राहा. नाहीतर पुढच्या सीझनला माझा मेहुणा उभा राहील." मेहुणा विमा विकायचा आणि त्याचे केस फार छान होते. गोलकीपर म्हणून त्याच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

फायनल आली खंडेनवमीला. सकाळी अंघोळ करून बॅग उघडली तर हातमोजे नाहीत. बाहेर आलो. हॉलमध्ये पाटावर लाल कापड, त्यावर नानांचं व्हर्निअर, मायक्रोमीटर, नट आवळायचे तीन पाने, बायकोची शिलाईची कात्री, स्वयंपाकघरातली विळी, आणि बरोबर मधोमध माझे हातमोजे. तळवे वर करून ठेवलेले. दोन्हींवर हळदकुंकू आणि एकेक झेंडूचं फूल.

मी बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "नानांनी ठेवलेत. मला विचारत होते, त्याचं हत्यार कुठं हाय म्हणून."

नाना समईत तेल घालत होते.

"आज हात लावायचा नाय," ते म्हणाले. "उद्या दसऱ्याला उचल."

"नाना, आज फायनल आहे."

"मंग? आजच्या दिशी आमची विमानं थांबायची. तुझा बॉल थांबंना व्हय?"

उचलले असते तर काही देवी कोपली नसती. तिच्या लेखी मी तसाही वाया गेलेला आहे. पण मी हात पुढे केला असता तर ते हत्यार पुन्हा हातमोजे झाले असते आणि काम पुन्हा रिकामा उद्योग. मी पाटाला नमस्कार केला आणि मोकळ्या हाताने निघालो. खरं सांगतो, रस्ताभर मला इतका आनंद झाला होता की दोनदा सिग्नल तोडला.

नवे घ्यावेत तर दुकानं सणाची बंद. मैदानावर कॅप्टनच्या मेहुण्याकडे मागितले तर म्हणाला, "अरेरे, घरीच राहिले." त्याच्या पाठीवरची बॅग चांगली टम्म फुगलेली होती.

"काका, ग्लोव्हज?" कॅप्टन ओरडला.

"पूजेत आहेत."

तो स्वतः रिक्षाने आला होता, कारण त्याच्या मोटारसायकलला आईने सकाळीच हार घातला होता आणि आज तिला हलवायचं नव्हतं. त्याने मला गोलाकडे हात केला.

मालेगावचा फॉरवर्ड पॉवरलूमवर काम करणारा, काडीसारखा माणूस. माझे हात बघून त्याने चौकशी केली, "चचा, दस्ताने किधर हैं?"

"घर पे. पूजा में बैठे हैं."

"अच्छा है," तो मनापासून म्हणाला. "उनको भी आराम होना." आणि तिसऱ्या मिनिटाला असा फटका मारला की माझे तळवे संध्याकाळपर्यंत झिणझिणत होते. पण अडवला. पुढचा एक सुटला, तो कुणालाच सुटला असता. आमच्या पोरांनी एक फेडला. मग शेवटची पाच मिनिटं राहिली असताना लांबून एक बॉल आला. अगदी साधा, सरळ माझ्या हातात. घामाने तळवे ओले झाले होते. साबणाची वडी निसटावी तसा तो निसटला आणि रमतगमत आत गेला.

त्याच दिवशी कॅप्टनने ग्रुपवर जाहीर केलं की पुढच्या सीझनपासून काका संघाचे मार्गदर्शक. मार्गदर्शक म्हणजे पाण्याच्या बाटल्या राखणारा. पुढे त्याने हात जोडलेली तीन चित्रं टाकली होती.

दसऱ्याला सकाळी नानांनी हातमोजे उचलले, कुंकू झटकलं आणि माझ्या हातात दिले. "पुढची म्याच कदी?" त्यांनी विचारलं. जन्मात पहिल्यांदा.

"रविवारी," मी म्हणालो. ते तोंडातून कसं गेलं, मला ठाऊक नाही.

वाटलं, विसरतील. रविवारी पाहतो तर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, टोपी चढवून नाना दारात उभे. "चल," म्हणाले. "बघू तरी तू काय करतो."

त्यांना गाडीवर मागे बसवलं. पूर्ण रस्ताभर सांगू-सांगू म्हणत राहिलो आणि सांगितलं नाही. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. गोलात दोन कुत्री आडवी झोपली होती, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा बरी जागा अडवून होती.

"बाकीची कुटं हायेत?" नानांनी विचारलं.

"मॅच नाही, नाना. मला काढलं संघातून."

ते कडेच्या कठड्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हत्यार नव्हतं म्हनून?"

"नाही, नाना. वय झालं म्हणून."

"किती वर्सं झाली तुला गोलात हुबं ऱ्हाऊन?"

"सव्वीस."

नानांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "माझी चौतीस भरली व्हती सर्व्हिसची," ते म्हणाले. "तुझी आठच कमी."

आणि मी, बायकापोरं असलेला माणूस, त्या उघड्या मैदानात भोकाड पसरून रडलो.