खदिजाबाईंचं सेंट ओडिल

सेंट ओडिल बेटावर ऑगस्ट ते ऑक्टोबर या दिवसांत जाऊ नये. तेव्हा तिकडे वादळं होतात आणि बोट बंद असते. फेब्रुवारी बरा. शेजारच्या मोठ्या बेटापर्यंत लहान विमान जातं. त्यात सामानाबरोबर प्रवाशालाही काट्यावर उभं करतात, त्याचा राग मानू नये. पुढे बोट. समुद्र खवळला तर ती निघत नाही, म्हणून परतीचं तिकीट लगेच दुसऱ्या दिवसाचं काढू नये. रविवारी सगळं बंद असतं. रस्ते चढउताराचे आहेत, कापडी बूट न्यावेत. कुणालाही काही विचारण्याआधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणावं. न म्हणता विचारलं तर लोक दुखावतात. आणि किनाऱ्यावर हिरव्या सफरचंदासारखी फळं येणारं एक झाड आहे, त्याच्याखाली पावसात उभं राहू नये. पानांवरून गळणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात.

कॅरिबियन समुद्रातलं हे एवढंसं बेट मी पाहिलेलं नाही. आमच्या इमारतीतून तिथे एकच माणूस गेलं, ते म्हणजे खदिजाबाई. त्या आता हयात नाहीत, आणि त्यांच्या मुलाचा दोस्त गनीही मागच्या वर्षी त्याच्या गावी वारला. आता हे लिहिल्याने कुणाला दुखणार नाही.

आम्ही बहरीनला आलो ते एकाहत्तर साली, ह्यांच्या बँकेच्या नोकरीमुळे. मनामाच्या गुदैबिया भागात दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. तळमजल्याच्या मागच्या खोलीत खदिजाबाई राहत. बाणकोटच्या खाडीकाठच्या. नवरा लवकर गेला, एक मुलगा, हारून, तो बोटीवर. अदलियातल्या एका बहरीनी घरात त्या स्वयंपाक करायच्या आणि आमची इमारतही त्याच मालकाची होती. संध्याकाळी पायरीवर मासे साफ करत बसायच्या. मी वरून वाकले की ओरडायच्या, “चारूबाय, नाक दाबून बघू नको गो! बघायचं तर खाली येऊन बघ.” मी शाकाहारी, पण खाली जायची.

हारून सुट्टीवर आला की पायरीवर त्यांच्याजवळ बसायचा. आईच्या ओढणीच्या टोकाला हात पुसायचा आणि शिव्या खायचा. पंचविशीचा होता.

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात कंपनीची तार आली. ती वाचून दाखवायला मलाच बोलावलं. जहाजाच्या तळातल्या मालाच्या कोठारात पडून हारून गेला होता. जहाज कॅरिबियन समुद्रात होतं, जवळ सेंट ओडिल होतं, तिथेच दफन केलं. मी मराठीत सांगितलं. खदिजाबाईंनी विचारलं, “तिथे आपली माणसं हायत?” मी म्हणाले, माहीत नाही.

पुढे दोनेक महिन्यांनी गनी आला. गनी त्यांच्या शेजारच्या गावचा, हारूनच्याच जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता. आल्या आल्या त्याने त्यांचे पाय धरले. मग जे सांगितलं, ते मी त्यानंतर कितीतरी वेळा ऐकलं.

बेटावर मुसलमान एकही नव्हता. कबर खणणारा म्हातारा ख्रिस्ती होता. त्याने आपल्या पद्धतीने पूर्व-पश्चिम असा आडवा खड्डा खणून ठेवला होता. गनीने तो नाकारला. मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून, शेवटी स्वतः फावडं घेऊन त्याने नवा खड्डा खणायला लावला. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. हारूनला उजव्या कुशीवर ठेवलं, आणि गावच्या कबरस्तानात ठेवतात तसं तोंड पश्चिमेला केलं, मक्केकडे. म्हाताऱ्याने कबरीभोवती मोठे गुलाबी शंख लावून दिले.

“मामी, कॅप्टन घाई करत होता,” गनी म्हणायचा, “पण तोंड पश्चिमेला केल्याबिगर मी हललो न्हाय.”

तो पुन्हा जहाजावर चढलाच नाही. तुबलीत एका गॅरेजमध्ये लागला. दर ईदला मासे घेऊन यायचा, हीच गोष्ट सांगायचा, आणि खदिजाबाई दर वेळी नव्याने ऐकल्यासारखी ऐकायच्या. शेवटी म्हणायच्या, “तू होतास म्हणून, बाबा.” एवढं ऐकलं की गनीचा चेहरा सैल व्हायचा. मित्राला वाचवायला त्याच्याकडून काहीच झालं नव्हतं. ही एक गोष्ट मात्र त्याने नीट केली होती, तिच्यावरच तो उभा होता. आणि खदिजाबाईसुद्धा.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्या वर आल्या आणि म्हणाल्या, “हजसाठी ठेवलंय ना, त्यातून मी पोराकडे जाऊन येते. हज मग बघू.”

“एवढ्या लांब? एकट्या?”

“अल्ला घरीच असतो, उशिरा गेलं तरी भेटतो. पोरगा परक्यांत पडलाय.”

मनामात एका ट्रॅव्हल एजन्सीत लतीफ नावाचा श्रीवर्धनचा मुलगा होता. त्याने सेंट ओडिलचं नावही ऐकलं नव्हतं. तिथे राहायचं कुठे, बोट कधी, त्याला काही सांगता येईना. मी एक खटपट केली. बेटाला संतिणीचं नाव आहे म्हणजे तिथे नन्स असणारच, असा अंदाज करून नुसतं ‘कॉन्व्हेंट, सेंट ओडिल’ एवढ्याच पत्त्यावर पत्र टाकलं. माझं शाळेचं सगळं आयुष्य नन्सच्या हाताखाली गेलं. त्या पोचल्या नाहीत असं बंदर मला माहीत नाही. तीन महिन्यांनी सिस्टर ॲग्नेस यांचं उत्तर आलं. वर लिहिलेला सगळा सल्ला त्यांचाच. खाली लिहिलं होतं, शंखांची कबर मला ठाऊक आहे, तुमच्या मैत्रिणीने आमच्याकडेच उतरावं.

मग तयारी सुरू झाली. खदिजाबाई जिन्यात भेटेल त्याला ‘गुड मॉर्निंग’ म्हणू लागल्या, संध्याकाळीसुद्धा. भाजीवाला मल्याळी वैतागून म्हणाला, “अम्मा, अब तो रात हो गया.” कापडी बूट आणले. ते घालून त्या पायरीवरून घसरल्या, तेव्हा स्वतःच हसत सुटल्या. विमानातल्या काट्याची गोष्ट लतीफने ऐकली आणि म्हणाला, “खाला, आतापासून भात कमी करा, नायतर बिचारं विमान उडायचं न्हाय.”

“वजन कर हवं तेवढं. वय विचारलंस तर बघ.”

एका पुडीत त्यांनी सब्जाचं बी बांधलं होतं. कोकणात कबरीवर सब्जा लावतात.

जानेवारीत तिकीट घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेले. लतीफच्या टेबलावर पृथ्वीचा गोल होता, कुठल्याशा विमान कंपनीने दिलेला. खदिजाबाई म्हणाल्या, मला वाट दाखव.

“इथे बोट ठेवा. हे बहरीन.”

“एवढंच?”

“एवढंच. त्यातच तुमची अदलिया आणि माझा घरमालक.”

त्या हसल्या.

“विमान वरून लंडनला वळसा घालतं, पण ते सोडा. बेट आपल्या सरळ पश्चिमेला हाय. चला. हे सौदी. ही मक्का.”

खदिजाबाईंनी बोट उचलून ओठांना लावलं आणि परत तिथे टेकवलं.

“पुढे चला. ही सगळी आफ्रिका. आता हे पाणी. चला, चला, लई पाणी हाय. थांबा.” गोलावर बेट नव्हतंच. लतीफने पेन्सिलने एक ठिपका काढला. “हे तुमचं सेंट ओडिल.”

खदिजाबाईंचं बोट ठिपक्यावर राहिलं. त्यांनी मागे पाहिलं, आफ्रिकेकडे, त्याच्याही मागे.

“लतीफ, इथनं मक्का कुठल्या अंगाला?”

“मागे ना, खाला. पूर्वेला. आत्ताच तर आपण ती टाकून…” आणि तो थांबला. गनीची गोष्ट त्यालाही ठाऊक होती. आमच्या ओळखीत सगळ्यांनाच होती.

“आणि पश्चिमेला काय हाय?”

लतीफने गोलाकडे बघितलं. “पाणीच,” तो म्हणाला.

कोकणात मक्का कुठल्या दिशेला हे कुणी विचारत नाही. जिथे सूर्य समुद्रात बुडतो तिकडे. नमाज तिकडे, मयताचं तोंड तिकडे. बहरीनलाही पश्चिमेलाच. गनीच्या लेखी पश्चिम म्हणजेच मक्का होती, आणि इंजिनखोलीत आयुष्य काढलेल्या पोराला जहाज मक्केच्या पलीकडे जाऊन पोचलं आहे हे सांगणार कोण? त्याने जीव तोडून भांडून हारूनची पाठ मक्केकडे केली होती.

लतीफ हळूच म्हणाला, “खाला, मी मौलवीसाहेबांना विचारू का? कबर उघडून…”

“न्हाय. झाकलंय ते झाकलंय.” त्यांनी बोट उचललं. “आणि ऐक. गनीला यातला एक शब्द बोललास तर तुझं तोंड बघणार न्हाय मी. खलास.”

“इंशाल्ला, न्हाय बोलणार.”

“इंशाल्ला नको. न्हाय म्हण.”

“न्हाय, खाला.”

आम्ही घराकडे निघालो. गुदैबियाच्या कोपऱ्यावर आल्यावर मी म्हणाले, “खदिजाबाई, नका जाऊ. जाऊन काय बघायचं?”

त्या थांबल्या. “पाच वर्सं पाठ फिरवून पडलाय पोरगा. मना वाटायचं, चला, तोंड तरी तिकडे हाय, त्याचं बरं चाललंय. आता मी न्हाय गेले तर कोण जाईल त्याच्याकडे?”

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या गेल्या आणि तीन आठवड्यांनी परत आल्या. काळवंडल्या होत्या. चेहरा लहान झाला होता. त्या आल्याचं कळताच गनी कामाचे कपडे न बदलता तुबलीहून आला, हातात एक मोठा हामूर मासा. दारातच उभा राहिला, आत येईना.

“मामी, कबर हाय?”

“हाय. शंख बी तसेच हायत. एक फुटलाय.”

“हलवली न्हाय ना कुणी?”

“न्हाय रे.”

“आणि तोंड?”

मी त्यांच्या खोलीत गॅसपाशी होते. मी गॅस बारीक केला.

“पश्चिमेला,” खदिजाबाई म्हणाल्या. “तू केलंस तसंच. तो म्हातारा भेटला, कबर खणणारा. त्याला अजून तुझी आठवण हाय. म्हणाला, तुझ्या पोराला असा दोस्त होता, नशीबवान होता.”

गनी उंबऱ्यावरच बसला आणि लहान पोरासारखा रडला. खदिजाबाईंनी त्याला रडू दिलं. मग म्हणाल्या, “तो मासा काय हातात घेऊन वाळवणार हायस? दे इकडे. साफ काय तुझा गॅरेजवाला करणार?”

तो जेवून गेला. जाताना जिन्यात शीळ घालत होता. एवढ्या वर्षांत ती मी पहिल्यांदा ऐकली.

त्यानंतर खदिजाबाईंनी भांडी घासली, मग माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांनी आपणहून सांगितलं.

“पहिल्या दिवशी मी पूर्वेच्या अंगाला बसले. मक्का माझ्या पाठीशी. मग वाटलं, हा तर माझ्याकडे पाठ करून हाय, रुसल्यासारखा. ल्हानपणी असाच झोपायचा, मार खाल्ला की. रातभर झोप आली न्हाय. दुसऱ्या दिवशी वळसा घालून पल्याड गेले आणि त्याच्या तोंडासमोर बसले. तिथनं मना तो समोर, आणि त्याच्या मागे, लई लांब, मक्का. त्याला म्हटलं, तू माझ्याकडे बघ बाबा, तिकडे मी बघते. आपल्या दोघांचं मिळून होईल.”

“मग?”

“मग काय. बोट येईपर्यंत रोज तिथेच बसले. सब्जा लावला. उठून आले, तेव्हा त्याच्यासमोर परत पाणीच राहिलं ना गो.” त्यांनी ओढणीचं टोक हातात घेतलं आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. “येताना मागे वळून बघितलं न्हाय. बघितलं असतं तर आले नसते.”

पुढच्या वर्षी सिस्टर ॲग्नेस यांनी कळवलं की सब्जा छान उगवला होता, पण शेळ्यांनी खाल्ला. पुन्हा लावायला बी पाठवा. खदिजाबाईंनी पाठवलं. दर वर्षी पाठवत राहिल्या.

त्यांची हज राहूनच गेली. शहाऐंशीच्या शेवटी सौदीला जोडणारा पूल सुरू झाला. बसने मक्केला जाता येईल म्हणून त्या हरखल्या, लतीफने त्यांचं नावही घातलं. पण त्या हिवाळ्यात छातीचं दुखणं धरलं ते सुटलं नाही. सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये, दुपारी, अदलियातल्या त्या घराच्या स्वयंपाकघरात त्या गेल्या. अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर पुरुष त्यांना दफनाला घेऊन गेले. बायका मागे राहिल्या, मीही राहिले.

संध्याकाळी गनी आला. बाह्यांवर माती सुकली होती. खाली मागच्या खोलीला कुलूप होतं, म्हणून वर माझ्याकडे आला असावा. खुर्चीच्या काठावर बसला.

“बाय, मामीला मीच आत उतरवलं,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाय.”

“बरं केलंस.”

“तोंड पश्चिमेला केलं. हारूनचं केलं होतं तसंच.” त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “आता दोघांची तोंडं एकाच अंगाला हायत, बाय. न्हाय का?”

“हो, गनी,” मी म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.