सुमनवहिनीचा गुरुवारचा वर्ग

सकाळी सातला दादाचा फोन आला. ‘सुमन गेली गं... झोपेतच,’ एवढंच बोलला. त्याला आता महिना होऊन गेला.

शाळेतून निवृत्त झाल्यावर सुमनवहिनी दर गुरुवारी पनवेलजवळच्या एका तुरुंगात कैद्यांना लिहायला-वाचायला शिकवायची. ‘चोरांना बाराखडी कशाला?’ असं मीच एकदा म्हणाले होते. ‘अगं, सुटल्यावर ते आपल्याच शेजारी राहणार ना,’ ती शांतपणे म्हणाली.

एका गुरुवारी हजेरी घेताना एक नाव आलं आणि तिनं मान वर करून पाहिलं... कोन गावाजवळ दादाच्या स्कूटरला धडक देऊन पळालेला टेम्पोवाला. त्या अपघातात दादाचा पाय कायमचा अधू झाला. वर्ग सुटल्यावर उरणजवळच्या करंजा गावचा तो पन्नाशीचा माणूस आपणहून पुढे आला. ‘बाई, कोर्टात तुमाला बघितलं हाय मी. पुढच्या टायमाला येनार नाय.’ वहिनी म्हणाली, ‘यायचं. अर्धी बाराखडी राहिलीये.’

तिनं घरी हे सांगितलं. मी चिडले. म्हटलं, सोड तो वर्ग. ती म्हणाली, ‘शिक्षा तो भोगतोच आहे. पण ह्यांना अजून कुणी साधं ‘चुकलं’ म्हटलेलं नाही. ते त्याला लिहिता यायला हवं.’

आठ महिन्यांनी ती त्याचं पत्र घेऊन आली. वाकडी, मोठी अक्षरं. ‘मी थाबलो नाय. घाबरलो. माझा चुकला. तुमचा पाय रोज आठवतो.’ दादानं ते तीनदा वाचलं. मग म्हणाला, ‘त्याला सांग, पाय बरा आहे. आणि ‘थांबलो’वर अनुस्वार दे म्हणावं.’ त्या दिवशी आम्ही तिघं पोट धरून हसलो.

तो माणूस सुटला, आता करंजा बंदरावर काम करतो. वहिनी गेल्याचं कळल्यावर भेटायला आला. दादाशेजारी तासभर बसला. जाताना दादा त्याला सोडायला गेटपर्यंत गेला.

परवा मी विचुंब्याला दादाकडे गेले, तर दादा जेवणाच्या टेबलावर वर्गाच्या वह्या तपासत होता, वहिनीच्या राहून गेलेल्या. ती चुकलेल्या शब्दावर कधी फुली मारत नसे. खाली बरोबर शब्द लिहायची आणि पुन्हा लिहायला एक ओळ मोकळी सोडायची. दादाही तसंच करत होता. मी चहा ठेवला. त्यानं पेन्सिलीला टोक केलं आणि पुढची वही उघडली.