स्विचवर कोण आहे?

लाइनमन खांबावर कमरेच्या पट्ट्याला लटकला होता. मान खाली पडलेली, एक चप्पल पायात, दुसरी खाली धुऱ्यावर, शेताच्या बांधावर. एक हात अधूनमधून हलत होता, म्हणून जिवंत आहे एवढं कळत होतं. एप्रिलचं ऊन होतं, भोवती उन्हाळी धान उभं होतं आणि वीस-पंचवीस माणसं लांबूनच बघत होती. कोणी पुढे जाईना. तारेत वीज आहे की गेली, हे कोणालाच माहीत नव्हतं.

मी मोहाडी तालुक्यातल्या एका गावची पोलीस पाटील होते. शिक्षण सातवी. गावात काही घडलं की ठाण्याला कळवायचं, गर्दी आवरायची आणि साहेब येईपर्यंत जागा राखायची, हे माझं काम. ते मी बरीच वर्षं केलं. त्या दुपारइतकी कधी घाबरले नाही.

गावातला मोटारी बांधणारा मिस्त्री तिथे होता. पन्नाशीचा माणूस, विजेतलं त्याला कळायचं. तो म्हणाला, झटक्याने लाइन आपोआप पडली, म्हणजे बंद झाली असेल, पण उपकेंद्रातल्या माणसाला इथलं दिसत नाही. तो थोड्या वेळाने वीज पुन्हा सोडून पाहील, आणि मग हा संपला.

मी उपकेंद्राला फोन लावला. बाईचा आवाज आला, "सबस्टेशन." मी नाव, गाव, हुद्दा सांगून म्हटलं, खांबावर माणूस आहे, लाइन सोडू नका. ती "बरं" म्हणाली. मिस्त्रीने पट्टा बांधला, पण चढला नाही.

"पाटीलबाई, स्विचवर कोन हाये?"

"तिथली बाई आहे."

"बाई म्हंजे कोन? तिले नाव सांगू द्या. नाव नाही सांगत त मी नाही चढत."

नाव मला माहीत होतं. मी सांगितलं तर तो म्हणाला, तुमच्या तोंडून नको, तिच्या तोंडून पाहिजे.

आता माझी चूक सांगते. काही महिन्यांपूर्वी तीच बाई माझ्याकडे आली होती. ती फोनवर आपलं नाव सांगायची. एक माणूस ते नाव धरून दिवसातून दहा वेळा फोन करायचा आणि घाण बोलायचा. मी तिला सल्ला दिला, नाव सांगणं बंद कर, नुसतं सबस्टेशन म्हण. तिच्या साहेबांनीही मग सगळ्यांना तेच सांगितलं.

मी फोन स्पीकरवर टाकला आणि तिला म्हटलं, तुझं नाव सांग. मग तिने पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. ते इथे लिहीत नाही. ते तिने मिस्त्रीसाठी सांगितलं होतं.

"भाऊ, तुमच्या लाइनचा फिडर बंद हाये. स्विचची किल्ली माह्या हातात हाये. तुम्ही खाली उतरून सवताच्या तोंडानं सांगान, तवाच लावीन."

मिस्त्रीने तिला आपलं नाव सांगितलं आणि चढला.

लाइनमनला खाली उतरवून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. ठाणेदारांनी चौकशी बीट जमादाराकडे दिली आणि मला सोबत बसवलं. लाइनमनने काम सुरू करण्याआधी फोन करून लाइन बंद करून घेतली होती. याला परमिट म्हणतात. ज्याने परमिट घेतलं त्यानेच "काम झालं" सांगायचं, त्याशिवाय लाइन सोडायची नाही. उपकेंद्रातल्या ऑपरेटर बाईचं म्हणणं, तसा फोन आला म्हणून लाइन सोडली. लाइनमनचं म्हणणं, मी केलाच नाही, माझा फोन गाडीच्या पिशवीत होता. उपकेंद्रातला फोन जुना, टेबलावरचा. त्यात नंबर दिसत नाही. बाई खोटं बोलते, असं विजेच्या साहेब लोकांनी धरून टाकलं. तिची नोकरी जाणार होती.

तिसऱ्या दिवशी निंदणाला जाणारी एक बाई मला बोरिंगवर भेटली. म्हणाली, त्या वेळी एक शेतकरी मोटार ठेवायच्या खोपडीपाशी फोनवर बोलत होता आणि बोलणं संपताच स्टार्टरकडे गेला. मी जमादाराला सांगितलं. त्या शेतकऱ्याला बोलावलं.

फोन केल्याचं त्याने लगेच कबूल केलं, पण लाइन सोडायला सांगितलं हे मानेना. "मी त इचारलं, झालं काय म्हून. धान वाळून राहिलं होतं." जमादार त्याच्यावर ओरडले. ओरडून काही निघत नाही, हे मला माहीत होतं. मी त्याला अंगणात पाठवलं आणि म्हटलं, माझ्या फोनवर फोन कर आणि तेव्हा बोललास तसंच बोल.

स्पीकरवर आवाज आला, "झालं न काम. सोडा मंग."

जमादारांनी लिहिणं थांबवलं. तो विचारत होता, पण ऐकणाऱ्याला ते सांगितल्यासारखंच वाटलं असतं. मी त्याला आत बोलावून विचारलं, नाव का नाही सांगितलं?

"तिनं नाही सांगतलं. मंग म्या काहून सांगू?"

बाईनेही समोरच्याला नाव विचारणं सोडलं होतं. स्वतःचं सांगायचं नाही, मग दुसऱ्याला कोणत्या तोंडाने विचारणार? वीज विभागाच्या चौकशीत मी जाऊन सांगितलं की तो सल्ला माझा होता. तिला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. घाण फोन करणारा आम्ही नंतर शोधला. त्याला शोधायला दोन दिवस लागले. हेच काम मी आधी करायला हवं होतं. मी सोपं काम केलं, बाईला गप्प केलं.

सरकारी माणसाने फोनवर नाव सांगावं की नाही, असं मला अजून लोक विचारतात. सांगावं. समोरच्यालाही विचारावं. त्या नावाचा कोणी गैरफायदा घेतला तर त्याला पोलिसांनी धरावं. हे मला वरच्या साहेबांनी शिकवलं नाही. एका मिस्त्रीने आणि एका ऑपरेटर बाईने शिकवलं. दोघांचे उपकार आहेत माझ्यावर.

लाइनमनची दोन बोटं गेली. त्या दिवशी खांबावर दोघं चढले होते. दोघेही जिवंत आहेत.