घाटावर काढलेला काटा

हे गेले त्याला तीन महिने होऊन गेले, तरी मी एकदाही रडले नव्हते. याचा त्रास माझ्यापेक्षा लोकांनाच जास्त होत होता. अवधपुरीतल्या आमच्या कॉलनीतल्या बायका यायच्या, माझा हात धरून "वहिनी, रडा, मोकळ्या व्हा" म्हणायच्या, आणि नळाला पाणी यायची वाट बघावी तशा माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात, असंही कुणी सांगायचं. नागपूरहून मोठ्या नणंदेचा रोज सकाळी फोन: आज इतक्या माळा जप कर, उद्या अमुक अध्याय वाच. मी "हो वन्सं" म्हणायची, फोन ठेवायची आणि कढईवर राग काढायची.

जप कुणाचा करायचा? आमच्या मंडळाचं दत्ताच्या देवळात दर गुरुवारी दुपारी भजन असतं. त्या गुरुवारी मी निघताना हे म्हणाले होते, "आज नको जाऊस, जरा बरं वाटत नाहीये." मी वैतागले. "दर गुरुवारी तुमचं काहीतरी असतंच," असं म्हणून चपला घातल्या आणि निघाले. परत आले तेव्हा टीव्ही चालू होता आणि हे खुर्चीत निश्चल होते. चहाचा कप तसाच भरलेला, वर साय धरलेली. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलीलासुद्धा नाही. तीस वर्षं ज्याच्यापुढे टाळ वाजवले, त्याने त्या दोन तासांतच डाव साधला, आणि आता त्याच्यापुढेच बसून मी जप करायचा! मला त्याचं नाव घेणंही नकोसं झालं होतं.

शेवटी वन्संनी नर्मदेचा हट्ट धरला. "अगं, होशंगाबादला जाऊन त्याच्या नावाने दोन फुलं तरी सोड." निदान त्यांचा फोन थांबेल, म्हणून मी एका सकाळी बसमध्ये बसले. घाटावर पोचेपर्यंत अकरा वाजले. ऊन, गर्दी, फुलं विकणाऱ्यांची ओढाओढ. फुलं सोडली, हात जोडले नाहीत. पाण्याकडे बघून मनातल्या मनात म्हटलं, झालं समाधान?

वळले तर पायरीवर बसलेल्या एका म्हातारीने हाक मारली. पांढरं लुगडं, काठी, कमंडलू. नर्मदेची परिक्रमा करणारी होती. "बेटी, चश्मा लगाती हो, ज़रा काँटा निकाल दो." इथेही काम! मनात असं आलं खरं, पण बसले. तिचा पाय मांडीवर घेतला. टाच भेगाळलेली, त्यात बाभळीचा काटा मोडून बसलेला. पदराची सेफ्टीपिन काढून मी कोरू लागले. ती हूं की चूं करीना. तिने मला काही विचारलं नाही, धीर दिला नाही, देवाचं नावही काढलं नाही. आणि का कोण जाणे, मान खाली घालून पिन चालवता चालवता मीच बोलू लागले. ते गुरुवारचं वाक्य, चपला, टीव्ही, सगळं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगून टाकलं.

मग ती म्हणाली, "मैं तो घर में ही थी, बेटी। बगल के कमरे में। दाल बीन रही थी। मेरा भी चला गया।"

बस, एवढंच. माझ्या हातातली पिन थांबली. तिच्या त्या धुळीने भरलेल्या पावलावर डोकं टेकून मी इतकी रडले, की आजूबाजूचे लोक थांबून बघू लागले. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि जरा वेळाने अगदी घरच्यासारखं खेकसली, "पहले काँटा तो निकालो!" मला रडता रडता हसू आलं. काटा निघाला. तिने पाऊल टेकवून पाहिलं, "नर्मदे हर" म्हणाली आणि नदी उजव्या हाताला ठेवून चालू लागली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

ती कोण होती, तिला कुणी धाडलं, याचा खल मी करत नाही. इतक्या गर्दीत तिने नेमकी मलाच हाक मारली, एवढं मला पुरतं. मी घरी असते तरी जे झालं ते थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं. हे इतरांनीही सांगितलं असतं, पण तिच्याकडून ते मला ऐकू आलं.

आता मी पुन्हा देवापुढे बसते. जप अजून सुरू झालेला नाही. बऱ्याचदा नुसतं भांडण होतं, कधी मध्येच रडू येतं. पूर्वी वाटायचं, मन शांत झाल्याशिवाय त्याला शरण जाता येत नाही. आता जशी आहे तशी जाते, चिडलेली, आणि त्याने अजून एकदाही मला उठवून लावलेलं नाही.